पत्र्याच्या छतावर सिलिकॉन कोटिंग: पहिल्या चौकशीपासून वॉरंटीच्या कागदापर्यंत

समुद्राच्या काठावर पत्र्याचं मोठं छत सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या संस्थेच्या गोदामाच्या छतावर गेल्या वर्षी सिलिकॉनचं कोटिंग करून घेतलं. पहिली चौकशी नोव्हेंबरमध्ये केली, काम मेच्या सुरुवातीला संपलं आणि वॉरंटीचं प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये हातात आलं. देखभालीचं काम माझ्याकडे असल्यामुळे कोटेशन मागवण्यापासून छतावर उभं राहून जाडी मोजण्यापर्यंत सगळ्यात मी होते. सुरुवातीला माहितीपत्रकांपलीकडे काही वाचायला मिळेना आणि माहितीपत्रकात अडचणी लिहिलेल्या नसतात. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने.

छत गॅल्वनाइज्ड पन्हळी पत्र्याचं, उतार कमी. खाऱ्या वाऱ्याने जस्त खाल्लं होतं, स्क्रूंच्या डोक्यांभोवती तांबडे डाग उतरले होते आणि पन्हाळीजवळ जिथे पत्रा थोडा खचला होता तिथे पाणी साचायचं. काही वर्षांपूर्वी त्यावर अॅक्रिलिकचं पांढरं कोटिंग मारलेलं होतं. उघड्या भागात ते बरं टिकलं, पण पाणी साचायचं तिथे मऊ पडून त्याचे पापुद्रे सुटले होते. अॅक्रिलिक पाण्यात मिसळून लावलं जातं आणि वाळल्यावरही दीर्घकाळ पाण्याखाली राहिलं तर बहुतेक प्रकारांची पकड सुटते, हे नंतर कळलं.

पहिला प्रश्न पत्रे बदलायचे की झाकायचे हा होता. पत्रे बदलायचे तर गोदाम रिकामं करावं लागणार आणि ते शक्य नव्हतं. त्यामुळे आधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून छताची पाहणी करून घेतली. त्यांनी खालून आणि वरून पत्रा ठोकून पाहिला, आरपार गेलेले पत्रे खडूने खुणावले आणि बाकीचं छत कोटिंग झेपेल इतकं धड आहे असं लेखी दिलं. हा अहवाल घ्यायला टाळू नका. पुढे समितीने, कंत्राटदाराने आणि कोटिंगच्या उत्पादकाने, तिघांनीही तोच कागद मागितला. कोटिंग पाणी अडवतं, कुजलेल्या पत्र्याला ताकद देत नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून मी आयएसओ ९२२३ मधला वातावरणाच्या गंजकारकतेचा तक्ता पाहिला. त्यात सी१ ते सी५ आणि सर्वांत वर सीएक्स असे वर्ग आहेत. सी५ वर्गात जस्त पहिल्या वर्षी ४.२ ते ८.४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं. झेड२७५ प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. हा हिशोब कागदावर मांडल्यावर आमचं छत असं का झालं याचं कोडं उरलं नाही. समितीपुढे हे दोन आकडे ठेवले आणि ‘अजून दोन वर्षं थांबू’ ही सूचना तिथेच मागे पडली.

आता सिलिकॉनच का, हे. रंगाच्या किंवा पॉलियुरेथेनच्या रेणूचा कणा मुख्यतः कार्बनच्या साखळीचा असतो. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक जोडून बनतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५०. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्यप्रकाशातली सर्वांत तीव्र अतिनील किरणं ३०० नॅनोमीटरच्या आसपासची, त्यांची ऊर्जा सुमारे ४००. म्हणजे उन्हाचा मारा एका बंधाच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली पडतो. सिलिकॉन वर्षानुवर्षं उन्हात राहूनही खडूसारखं भुरभुरत नाही, त्याचं मूळ इथे आहे. शिवाय त्यावर साचलेलं पाणी त्याला मऊ करत नाही, आणि आमची खरी दुखणी तीच होती.

माझा विश्वास मात्र या आकड्यांपेक्षा विजेच्या खांबांमुळे बसला. किनाऱ्याजवळच्या उच्चदाब वाहिन्यांच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर साचून ओलाव्यात ठिणग्या उडतात. तिथे खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं सिलिकॉन रबराचं कोटिंग वापरतात. त्यातले लहान रेणू हळूहळू वर येऊन साचलेल्या मळातही शिरतात आणि तो मळसुद्धा पाणी झटकू लागतो. खारा वारा, मळ, ओलावा, ऊन, सगळं आमच्या छतासारखंच. तिथे जे टिकतं ते इथे टिकायला हरकत नाही, असं वाटलं.

याची दुसरी बाजूही समितीपुढे तितक्याच स्पष्टपणे ठेवावी लागली. सिलिकॉन ओलं झालं की फार निसरडं होतं. त्यावर धूळ धरते, त्यामुळे पांढरेपणा आणि ऊन परतवण्याची ताकद पहिल्या वर्षीच उतरते. टोकदार वस्तूने ते पटकन फाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काहीही चिकटत नाही. एकदा सिलिकॉन केलं की पुढे रंग, अॅक्रिलिक, डांबरी पट्टी, सगळे दरवाजे बंद. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “पुढच्या समितीला दुसरं काही करावंसं वाटलं तर?” उत्तर एकच होतं, की त्यांना सिलिकॉनच करावं लागेल किंवा पत्रे बदलावे लागतील. हा प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतलं. तुमच्याकडेही हा निर्णय एकट्याने घेऊ नका. तो पुढच्या अनेक वर्षांना बांधून ठेवणारा आहे.

डिसेंबरमध्ये कोटेशन मागवली आणि आली तेव्हा डोकं गरगरलं. एकाने चौरस मीटरचा दर दिला, दुसऱ्याने बादलीचा, तिसऱ्याने ‘दोन हात’ एवढंच लिहून एकरकमी आकडा. यांची तुलना होऊच शकत नाही. तेव्हा सगळ्यांना पुन्हा पत्र पाठवून दोनच गोष्टी विचारल्या: वाळल्यावर थर किती मायक्रॉन राहील, आणि मालातला घनभाग आकारमानाने किती टक्के आहे. या दोन आकड्यांवरून बाकी सगळं काढता येतं. वाळलेला थर ५०० मायक्रॉन हवा आणि घनभाग ९० टक्के असेल, तर ओला थर सुमारे ५५५ मायक्रॉन बसला पाहिजे. एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला की एक मिलिमीटर ओला थर होतो, म्हणजे चौरस मीटरला साधारण ०.५६ लिटर. घनभाग ६५ टक्केच असेल तर त्याच वाळलेल्या थरासाठी ०.७७ लिटर लागेल. दिसायला स्वस्त असलेली बादली इथे महाग ठरली. त्यावर नासाडी धरायची, आणि पत्रा पन्हळी असेल तर क्षेत्रफळ नकाशावरचं न घेता चढउतारांसह उलगडून मोजायचं. आमच्या एका कोटेशनमध्ये सपाट क्षेत्रफळ धरलं होतं. दर सर्वांत कमी होता त्याचं कारण तेच निघालं.

कोटेशनबरोबर टेक्निकल डेटा शीट आणि सेफ्टी डेटा शीट दोन्ही मागा. सेफ्टी डेटा शीटवरून सिलिकॉन घट्ट होताना कोणता वायू सोडतं ते कळतं. एकाच घटकाचं सिलिकॉन हवेतली वाफ घेऊन घट्ट होतं आणि त्या बदल्यात काहीतरी बाहेर टाकतं. काही प्रकार अॅसिटिक आम्ल टाकतात, त्यांना व्हिनेगरचा वास येतो. ते जस्ताला खातं आणि सिमेंटच्या क्षारयुक्त पृष्ठभागावरही त्याची पकड चांगली बसत नाही. छतासाठी न्यूट्रल क्युअर प्रकार हवा, जो अल्कोहोल किंवा ऑक्झाइम सोडतो. एका कंत्राटदाराने स्क्रूंच्या डोक्यांसाठी न्हाणीघरात वापरतात तसलं व्हिनेगरच्या वासाचं सीलंट दाखवलं, ते तिथेच नाकारलं. ऑक्झाइमचा वासही हलक्यात घेऊ नये. खाली गोदामात माणसं काम करत होती, म्हणून कोटिंग चालू असताना त्या बाजूचे हवेचे झरोके बंद ठेवून विरुद्ध बाजूची दारं उघडी ठेवायची, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहिलं.

वॉरंटीचं प्रकरण इथूनच सुरू होतं, काम संपल्यावर नाही. उत्पादकाची वॉरंटी आणि कंत्राटदाराची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुधा मालापुरती असते: माल खराब निघाला तर नवा माल मिळेल, मजुरी तुमची. दोन्ही धरणारी वॉरंटी हवी असेल तर उत्पादकाचा माणूस काम सुरू होण्याआधी छत पाहून जायला हवा, पकडीची चाचणी त्याच्यासमोर व्हायला हवी आणि कंत्राटदार त्यांच्या यादीतला हवा. आम्ही दुसरा प्रकार निवडला. त्यासाठी खर्च वाढला आणि वाटही पाहावी लागली. उत्पादकाच्या प्रतिनिधीची तारीख मिळायला जवळपास सगळा जानेवारी गेला. ईमेलवर नुसतं ‘पाहणी करावी’ असं लिहिलं तेव्हा उत्तर येत नव्हतं. छताचं क्षेत्रफळ, पत्र्याचा प्रकार, आधीच्या कोटिंगचं नाव, इंजिनिअरचा अहवाल आणि फोटो एकत्र जोडून पाठवल्यावर तारीख मिळाली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पकडीची चाचणी झाली. या संपूर्ण कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला टप्पा हाच. छतावर वेगवेगळ्या ठिकाणी छोटे चौकोन धुऊन घेतले: जुन्या अॅक्रिलिकवर, उघड्या जस्तावर, गंज घासून प्रायमर मारलेल्या जागी. प्रत्येकावर सिलिकॉन लावून त्यात पॉलिएस्टरच्या कापडाची पट्टी रोवली, वर आणखी एक थर दिला आणि पट्टीचं एक टोक मोकळं सोडलं. मग पूर्ण घट्ट व्हायला सोडून दिलं. साधारण दोन आठवड्यांनी ते टोक स्प्रिंग काट्याला लावून ओढलं. किती जोर लागला याइतकंच काय सुटलं हेही पाहायचं असतं. सिलिकॉन स्वतः मधोमध फाटलं आणि पृष्ठभागावर त्याचा थर राहिला, तर पकड चांगली. पृष्ठभाग स्वच्छ उघडा पडला तर वाईट.

प्रायमरवर सिलिकॉन फाटलं, तळ सुटला नाही. उघड्या जस्तावर ठीकठाक. जुन्या अॅक्रिलिकवर मात्र पट्टीबरोबर अॅक्रिलिकच पत्र्यापासून उचकटून आलं. सिलिकॉनने अॅक्रिलिकला घट्ट धरलं होतं, अॅक्रिलिकने पत्र्याला सोडलं होतं. ही पट्टी हातात धरून पाहिली तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्याचा अर्थ सगळं जुनं कोटिंग काढणं असा होता आणि मंजूर रकमेत ते नव्हतं. पण त्याच वेळी हायसंही वाटलं. ही चाचणी झाली नसती तर नवं छत त्या सैल पापुद्र्यावर उभं राहिलं असतं आणि वर्षभरात चादरीसारखं उचललं गेलं असतं.

वाढीव खर्चासाठी समितीची पुन्हा सभा बोलवावी लागली. मी तीच पट्टी आणि चाचणीचा सहीचा अहवाल सभेत नेला. चर्चा लांबली, पण मंजुरी मिळाली. सुधारित वर्क ऑर्डर निघेपर्यंत मार्च उजाडला. पावसाळ्याआधी काम संपवायचं दडपण तेव्हा खरं जाणवू लागलं. तुम्हाला सल्ला एवढाच, की अंदाजपत्रक मांडतानाच ‘जुना थर काढणे’ ही बाब ऐच्छिक म्हणून दरासकट लिहून घ्या. चाचणीनंतर नव्याने दर ठरवण्यात वेळ जातो आणि तेव्हा घासाघीस करायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

तयारीलाच सर्वांत जास्त वेळ लागला आणि एकूण खर्चाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तिथेच गेला. आधी कुजलेले पत्रे बदलले. मग दाबाच्या पाण्याने धुणं, खरवडणं, तारेच्या ब्रशने आणि यंत्राने गंज घासणं. जस्तावर पांढरा भुकटीसारखा गंज असतो, तो निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्यावर लावलेलं काहीच टिकत नाही. तोही काढावा लागतो. सगळे स्क्रू तपासले. ज्यांचे रबरी वॉशर कडक होऊन चिरले होते ते एक माप जाड स्क्रू घालून बदलले, म्हणजे जुन्या भोकात नवा स्क्रू सैल बसत नाही. धुवायला गोडं पाणीच वापरायचं हे मी वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं होतं आणि त्याची गरज पडली, कारण जवळच्या बोअरचं पाणी मचूळ होतं.

मिठाची चाचणी अनेक जण गाळतात. धुतलेला पत्रा डोळ्यांना लख्ख दिसला तरी खड्ड्यांत मीठ राहतं. कोटिंगखाली राहिलेलं मीठ वाफ ओढून घेतं, आणि सिलिकॉनमधून पाणी जात नसलं तरी वाफ जाते. त्यामुळे खालून फोड येण्याची भीती असते. आयएसओ ८५०२-६ मध्ये दिलेल्या पद्धतीने पत्र्यावर एक छोटा चिकट कप्पा लावतात, त्यात सुईने शुद्ध पाणी सोडून पुन्हा काढून घेतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. किती मीठ चालेल ही मर्यादा उत्पादकाकडून लेखी घ्या. आमच्या समुद्राकडच्या उतारावर पहिल्या धुण्यानंतर आकडा मर्यादेबाहेर गेला. पुन्हा धुतलं, पुन्हा मोजलं, मग प्रायमर. मुकादम सुरुवातीला या चाचणीवर नाराज होते. दुसऱ्या धुण्यानंतरचा उतरलेला आकडा त्यांना दाखवला तेव्हा म्हणाले, “ताई, पुढच्या साइटवर हे यंत्र आमच्याकडेच ठेवतो.”

सुरक्षेबद्दल थोडं, पण वाचाच. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे जुने झाले की माणसाचं वजन घेत नाहीत, आणि रंगाच्या कामात त्यांच्यावर पांढरा शिंतोडा उडाला की ते बाकीच्या पत्र्यांतून ओळखूही येत नाहीत. काम सुरू होण्याआधी त्यांच्यावर लाकडी जाळ्या बांधून घेतल्या. जीवनदोरी अडकवायला वर तार ताणली. रोज सकाळी परवानगीच्या कागदावर सही झाल्याशिवाय कुणी शिडी चढायचं नाही, हा नियम शेवटच्या दिवसापर्यंत पाळला.

एप्रिलमध्ये कोटिंग सुरू झालं आणि पहिले दिवस दवाने खाल्ले. रात्री पत्रा मोकळ्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर असल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम असतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो, म्हणजे पत्रा २८च्या वर हवा. सकाळी लवकर तो तेवढा नसायचा. माणसं सातला येऊन नऊपर्यंत बसून राहायची आणि कंत्राटदाराची चिडचिड व्हायची. मग आम्ही वेळच बदलली. सकाळी जोडांची तयारी आणि झाडलोट, कोटिंग उशिरा सुरू, आणि संध्याकाळी दव पडण्याच्या बऱ्याच आधी बंद. सकाळ-दुपार-संध्याकाळ हवेचं तापमान, पत्र्याचं तापमान आणि आर्द्रता एका वहीत लिहून मी आणि मुकादम दोघं सही करायचो. वॉरंटीच्या वेळी या वहीच्या प्रती मागितल्या गेल्या.

फवारणीचा प्रश्न मला आधी सुचला नव्हता, तो उत्पादकाच्या प्रतिनिधीने काढला. जवळच गाड्यांना रंग मारण्याचं एक शेड आहे. सिलिकॉनचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर गेले आणि रंगवायच्या पृष्ठभागावर बसले तर तिथला रंग गोल गोल फाटून खड्डे पडतात. गाडीरंगाच्या कामात सिलिकॉनला आत येऊ देत नाहीत ते यामुळेच. आम्ही त्या शेडच्या मालकांना आधी लेखी कळवलं, त्या बाजूचा उतार फवारणी न करता रोलरने केला आणि वारा जास्त असेल तेव्हा फवारणी बंद ठेवली. आसपासच्या वाहनांवर पडलेला शिंतोडा वाळल्यावर निघता निघत नाही, म्हणून पार्किंगही हलवलं.

क्रम असा होता. आधी पत्र्यांचे आडवे जोड, छतातून वर येणारे पाइप आणि पन्हाळीच्या कडा यांवर घट्ट सिलिकॉन आणि त्यात पॉलिएस्टरचं कापड. प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉनची टोपी. गळती बहुतेक इथूनच होते, म्हणून या कामात घाई करू दिली नाही. मग पहिला हात करड्या रंगाचा, दुसरा पांढरा. रंग वेगळे घेण्याची सूचना फार उपयोगी पडली: दुसरा हात जिथे पातळ बसला तिथे खालचा करडा डोळ्यांना दिसतो. ओला थर मोजायला दात असलेली छोटी धातूची पट्टी मिळते. ती ओल्या थरात उभी टेकवायची आणि शेवटचा भिजलेला दात वाचायचा. ही पट्टी मी स्वतःच्या खिशात ठेवली होती. मुकादमाला मोजायला सांगणं आणि त्याच्या शेजारी बसून मोजणं यात पुष्कळ फरक पडतो.

बादल्यांचंही एक पथ्य आहे. झाकण उघडलं की माल हवेतली वाफ घेऊ लागतो आणि वर साय धरते. दिवसात संपेल तेवढंच उघडायचं. साय ढवळून मालात मिसळायची नाही, कापून बाहेर काढायची. प्रत्येक बादलीवरचा बॅच नंबर आणि वापरण्याची अंतिम तारीख यांचा फोटो काढला, आणि रिकाम्या बादल्या मोजून झाल्याशिवाय भंगारात जाऊ दिल्या नाहीत. एकूण किती लिटर लागलं आणि क्षेत्रफळाला किती लागायला हवं होतं, याचा मेळ तिथेच बसतो.

एका दुपारी अवकाळी सर आली. नुकताच हात मारलेल्या भागाला वरची त्वचा धरलेली होती, तरी मन थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काही ठिकाणी थेंबांचे ठसे उमटले होते, पण थर वाहून गेला नव्हता. ओलाव्यानेच घट्ट होणारा माल असल्यामुळे तो बचावला. ठसे उमटलेल्या जागी स्वच्छ पुसून पुन्हा हात दिला.

मेच्या सुरुवातीला अंतिम मोजणी झाली. खाली पोलाद असल्यामुळे चुंबकीय जाडीमापक चालतो, पण सिलिकॉन मऊ असतं आणि मापकाचं टोक त्यात रुततं, मग आकडा कमी दिसतो. त्यावर ठराविक जाडीची कडक प्लास्टिकची चकती ठेवून मोजायचं आणि चकतीची जाडी वजा करायची. पन्हळीच्या खोबणीत थर भरपूर निघाला आणि उंचवट्यांवर कमी, कारण ओला माल खाली सरकतो. सरासरी काढली असती तर सगळं पास झालं असतं. करारात मी ‘कुठल्याही बिंदूवर किमान’ असे शब्द घातले होते, त्यामुळे उंचवट्यांवर पुन्हा एक हात मारून घेता आला. ‘सरासरी’ हा शब्द करारात दिसला तर सही करण्याआधी तो बदलून घ्या.

कामाची शेवटची रक्कम आम्ही वॉरंटीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत राखून ठेवली होती. हे आधीच करारात असल्यामुळे वाद झाला नाही. फाइलमध्ये चाचण्यांचे अहवाल, हवामानाची वही, बॅच नंबर, जाडीचा नकाशा, आधीचे-नंतरचे फोटो असं सगळं जोडून पाठवलं. तरी पहिल्यांदा ती परत आली, कारण वर्क ऑर्डरमध्ये सपाट क्षेत्रफळ होतं आणि जाडीच्या नकाशात उलगडलेलं. दोन्हींचा संबंध सांगणारं पत्र इंजिनिअरच्या सहीने जोडावं लागलं आणि त्यात जून-जुलै गेले. दोन्ही क्षेत्रफळं पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर शेजारी शेजारी लिहा, एवढ्याने हा वेळ वाचेल.

पावसाळ्यात गोदाम कोरडं राहिलं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी टॉर्च घेऊन आतून सगळे जोड पाहत फिरले आणि एकाही ठिकाणी ओल नव्हती, तेव्हा फार बरं वाटलं. पन्हाळीजवळ पाणी अजूनही साचतं, पण कोटिंग तिथे मऊ पडलेलं नाही. छत आता पांढरंशुभ्र राहिलेलं नाही, करडट झालं आहे. ते अपेक्षितच होतं. सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुतलं की बराच उजळ येतो, तारेचा ब्रश मात्र चालत नाही.

शिडीच्या दाराला कुलूप आहे आणि त्यावर पाटी: ओल्या छतावर चढू नये, ठरलेल्या वाटेवरूनच चालावं, दुसऱ्या कुठल्याही मालाने दुरुस्ती करू नये. चालण्याच्या वाटेवर शेवटच्या थरात खडबडीत दाणे पेरून घेतले आहेत आणि ती पिवळी ठेवली आहे. मध्यंतरी केबल टाकायला आलेल्या माणसांच्या अवजाराने एक फाट पडली. जागा धुऊन, सॉल्व्हंटने पुसून त्याच सिलिकॉनने आणि कापडाच्या तुकड्याने ती सांधली. सिलिकॉनवर सिलिकॉन नीट धरतं, स्वच्छ आणि कोरडं असलं की झालं. दुरुस्तीचा फोटो आणि बॅच नंबर फाइलमध्ये लावला, कारण नोंद नसलेली दुरुस्ती वॉरंटीतून वगळली जाते.

वॉरंटी चालू राहायला दर वर्षी तपासणीचा फॉर्म भरून पाठवावा लागतो. हे वर्ष प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजतात की काम संपल्याच्या, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे काम संपल्याची तारीख धरतात, त्यामुळे प्रमाणपत्र ऑगस्टचं असलं तरी पहिली तपासणी आम्ही एप्रिलमध्येच करून घेतली.